मिशनच्या वसतिगृहाला दिवाळीआधी सामान द्यायचंय, काय न्यावं?

गोदाकाठ

राम राम मंडळी. आम्ही पॉलिटेक्निकचे जुने दोस्त दरवर्षी दिवाळीच्या आधी वर्गणी काढतो आणि कुठल्यातरी संस्थेला सामान देतो. यंदा एका मित्रानं जालना जिल्ह्यातलं एक वसतिगृह सुचवलं. ख्रिस्ती सिस्टर लोक चालवतात, गावात त्याला नुसतं ‘मिशन’ म्हणतात. साठेक मुलंमुली, पहिली ते दहावी. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, नाहीतर रोजानं कामाला जाणारे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

वर्गणी चांगली जमलीय. पण व्हॉट्सॲप ग्रुपवरची सामानाची यादी वाचून धास्तावलोय. जुने कपडे, सोनपापडीचे बॉक्स, स्कूलबॅगा, एकाच्या कंपनीचे मागं जाहिरात छापलेले टी-शर्ट आणि कोणाच्या तरी घरचा बंद पडलेला कॉम्प्युटर. दिवाळीची साफसफाई काढली आणि माळ्यावरचं सगळं मिशनला पाठवलं, असा प्रकार होऊ नये. ज्यांनी अशा ठिकाणी काम केलंय किंवा जे अशा ठिकाणी राहिलेत त्यांनी सांगावं.

आणखी एक. ग्रुपमधल्या दोघांनी ‘मिशनवाल्यांनाच का?’ हा विषय काढलाय. त्यावरही बोला, पण भांडून धाग्याचं काश्मीर करू नका ही हात जोडून विनंती.

मिरची_भाकर

सोनपापडी नकोच. ती दिवाळीत घरोघर फिरून शेवटी वसतिगृहातच मुक्कामाला येते.

सिस्टरना फोन करा, कोठी कोण सांभाळतं ते विचारा आणि त्या मावशींशी बोला. ‘काय पाहिजे?’ विचारलं तर ‘तुम्ही द्याल ते’ असंच उत्तर येईल. त्यापेक्षा ‘काय संपत आलंय?’ असं विचारा.

लातूरी_तूर

जुने कपडे तर अजिबात नेऊ नका बाप्पा. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा मी शाळेत होतो. देशभरातून ट्रकच्या ट्रक कपडे आले. आमच्याकडं रस्त्याच्या कडेला ढीग पडलेले पाहिलेत मी. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्या पँटी आणि फ्रॉक घेऊन काय करायचं होतं? पावसात भिजून वास मारायला लागले. देणाऱ्याला वाटलं आपण दिलं, घेणाऱ्याच्या अंगाला काही लागलं नाही.

त्याच भूकंपानंतर शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास लेकरं पुण्याला शिकायला नेली. ते काम टिकलं, कारण तिथं लेकराला पुढं वर्षानुवर्षं काय लागंल याचा हिशोब होता.

दख्खनचा_वारा

विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. सामान घ्यायला आपण हिंदू चालतो, आणि आत लेकरांना सकाळसंध्याकाळ येशूची प्रार्थना. गरिबीचा फायदा घेणं याला नाही तर कशाला म्हणायचं? मराठवाड्यात दुसऱ्या संस्था नाहीत का? आर्वीचं शांतिवन आहे, गेवराईला बालग्राम आहे, हासेगावचं सेवालय, बीडजवळ पालीचं इन्फन्ट इंडिया. शेवटच्या दोन्ही संस्था एचआयव्ही असलेली लेकरं सांभाळतात, ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं. तिकडं द्या की.

मिरची_भाकर

द्या की, तिकडंही द्या. पण गोदाकाठ यांनी ज्या साठ लेकरांचं विचारलंय ती उद्या सकाळी तिथंच उठणार आहेत आणि दात घासायला पेस्ट त्यांनाही लागणार आहे.

जुना_कारकून

अवांतर आहे, पण जालन्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या भागात मिशन काल-परवा आलेलं नाही. नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिली. मुसलमान राजवटीत हिंदूचा ख्रिस्ती झालेला माणूस गाव वसवतो, हा किस्सा मला कायम गमतीचा वाटत आलाय.

आणि बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडायच्या कामावर आई जायची. खायला सुकडी आणि ती लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, पोटात दगडासारखी बसायची. आमची आजी म्हणायची, ‘अमेरिकेत हे जनावरं खातेत म्हणं.’ पण खाल्लीच. कोणी दिली, कोणत्या देवाच्या नावानं दिली, हे विचारायला अंगात जोर लागतो, तो तेव्हा नव्हता. दख्खनचा_वारा यांना टोमणा नाही हा. ते विचारतात तो प्रश्न बरोबरच आहे, फक्त तो लेकराला विचारू नये, मोठ्यांना विचारावा.

तांड्याची_लेक

मी अशाच वसतिगृहात राहून दहावी झाले. मराठवाड्यातच, पण जालन्यात नाही. आता नर्स आहे. दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जायचे. मुकादमाची उचल घेतलेली, न जाऊन सांगता कोणाला? पाडव्याच्या आगंमागं परत यायचे. लेकरू सोबत नेलं की शाळा गेली आणि फडावर पाचटात झोपणं आलं. मागं ठेवावं तर आजी आंधळी. म्हणून मिशन. आमच्यातल्या फार थोड्या जणींना आईबाप नव्हते. तरी पाहुणे आले की ‘अनाथ मुलांसाठी’ असं बॅनर लागायचं आणि आम्हाला त्याच्याखाली बसवायचे. आई तिकडं मोळ्या बांधत असायची, आणि इकडं मी अनाथ.

धर्माचं आधी सांगते. प्रार्थना व्हायची, रोज. आम्ही सगळ्या बसायचो. गाणी पाठ आहेत अजून. सुट्टीत आमच्या बंजारा तांड्यावर गेलं की सेवालाल महाराजांची आरती आणि श्रावणात तीज, डोक्यावर गव्हाच्या रोपाची दुरडी. दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी आहेत. माझं नाव कोणी बदललं नाही, मला कोणी विचारलंही नाही. माझ्यासोबतच्या एका मुलीच्या घरचे पुढं चर्चला जायला लागले, हेही खरं आहे. ते सिस्टरमुळं की दवाखान्यात आईचा जीव वाचला म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

आता सामान. देणारे दिवाळीला आणि नाताळला येतात. त्या दिवसांत कंपासपेट्या इतक्या यायच्या की आम्ही एकमेकींत अदलाबदल करायचो. फेब्रुवारीत मात्र चप्पल तुटली की तार ओवून घालायची. चड्ड्या, बनियन, मुलींचे आतले कपडे कोणीच आणत नाही. देणाऱ्याला लाज वाटते आणि फोटोत धरता येत नाही. पॅडचं तेच. सिस्टरना सुद्धा ते मागायला अवघड जायचं, कारण समोर देणगी घेऊन सगळे पुरुषच.

बारीक दाताची फणी, उवांचं औषध, खोबरेल, कपड्याचा साबण, हे लिहून घ्या. साठ डोक्यांत एकीला उवा झाल्या की साठ जणींना होतात. बादल्या लागतात. आणि पत्र्याच्या पेटीला कुलूप. हसू नका. वसतिगृहात तुमची एकच वस्तू तुमची असते, ती पेटी. कुलूप हरवलं की घरून आलेला लाडू पण गेला.

वाढदिवसाचा केक घेऊन जाऊ नका. एकदा गाडीतून एक कुटुंब आलं, त्यांच्या मुलाचा वाढदिवस. आम्ही त्याला ओळखत नव्हतो, तो आम्हाला घाबरला होता. टाळ्या वाजवल्या, ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं, केकचा एवढासा तुकडा मिळाला आणि संध्याकाळचं जेवण उशिरा झालं. लाइनीत उभं करून हातात वस्तू देणं पण नको. सामान कोठीत उतरवा. वाटायचं कधी, कोणाला, ते तिथल्यांना कळतं.

लातूरी_तूर

ताई, कुलपाचं वाचून गप झालो. आमच्या बोर्डिंगात पण हेच होतं.

वकिली_चष्मा

काही गोष्टी सामान भरायच्या आधी बघून घ्या.

पहिली, ते ‘वसतिगृह’ आहे की ‘बालगृह’. ज्या लेकरांना सांभाळणारं कोणी नाही, जी बाल कल्याण समितीमार्फत येतात, त्यांना ठेवायचं तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. नोंदणी न करता संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. आईबापांनी शाळेसाठी ठेवलेल्या मुलांच्या वसतिगृहाची गोष्ट वेगळी. नोंदणीचा कागद बघायला मागितला म्हणून चांगली संस्था रागावत नाही, उलट लगेच फाइल काढते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातही विचारता येतं.

दुसरी, फोटो. याच कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फेसबुकवर लेकरांच्या चेहऱ्यासकट देणगीचे फोटो टाकणाऱ्यांना हे माहीतही नसतं. वसतिगृहातल्या लेकरांचेही टाकू नका. ज्वारीच्या कट्ट्यांचा काढा फोटो, कट्ट्यांची काही हरकत नसते.

धर्माचं कायद्यापुरतं बोलतो. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. दख्खनचा_वारा, तुम्ही गोदाकाठ यांच्यासोबत जा आणि सिस्टरना सरळ विचारा की प्रार्थनेला न बसणाऱ्या लेकराचं काय करता. उत्तरावरून पुष्कळ कळेल.

आणि करसवलतीसाठी करणार असाल तर वस्तूंच्या देणगीला ती मिळत नाही. रोख दोन हजारांच्या वर दिली तरी नाही. चेकनं किंवा ऑनलाइन द्या, तेही जुन्या करप्रणालीत असाल तरच उपयोग.

सातासमुद्रापार

मूळचा परभणीचा, आता न्यूजर्सीत. मला यात पैसे घालायचे आहेत. थेट संस्थेच्या खात्यात टाकले तर चालेल का?

वकिली_चष्मा

पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसा तुमच्या स्वतःच्या बचतीतला असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरीही. तेव्हा संस्थेकडे विदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरए कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, २०२० च्या दुरुस्तीपासून. हे हलक्यात घेऊ नका. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचंही नूतनीकरण २०२१ च्या डिसेंबरात नाकारलं होतं, जानेवारीत परत मिळालं. तालुक्यातल्या छोट्या संस्थेला असा घोळ झेपत नाही.

सातासमुद्रापार

पासपोर्ट भारतीयच आहे. गोदाकाठ, व्यक्तिगत निरोप करतो.

माजी_अधीक्षक

उशिरा आलो. भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळेत वसतिगृह सांभाळण्यात नोकरी गेली माझी, त्यामुळे कोठीचा हिशोब अजून झोपेत पण येतो.

साठ लेकरांचं धान्य काढू. दुपारचं शाळेत होतं. सरकारी पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. नववी-दहावीला ते नाही, आणि रविवारी कोणालाच नाही. सकाळ-संध्याकाळचं मिळून सरासरी तीनशे ग्रॅम धरा. रोजचे १८ किलो, महिन्याला साडेपाच क्विंटलच्या आसपास. म्हणजे तुमच्या ग्रुपनं मोठ्या हौसेनं दोन कट्टे तांदूळ नेला तर तो आठवडाभर पण पुरत नाही. वाईट वाटून घेऊ नका, आकडा माहीत असावा म्हणून सांगतो.

तांदूळ सगळेच देतात, दिसायला बरा आणि शिजवायला सोपा. मराठवाड्यातल्या लेकराचं पोट ज्वारीनं भरतं. पण ज्वारी नेण्याआधी भाकरी थापायला बाई आहे का विचारा. साठ जणांना दोन-दोन म्हटलं तरी एकशेवीस भाकरी होतात, एका बाईच्या मनगटाचं काम नाही ते. नसेल तर गहू द्या. आणि दळणाचे पैसे कोणीच देत नाही! गावातल्या गिरणीवाल्याकडे आगाऊ भरून ठेवा, नाहीतर एखादी दणकट घरघंटी घेऊन द्या. पीठ मात्र नेऊ नका, ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं.

वेळेचं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही दिवाळीआधी जाताय. दिवाळीच्या सुट्टीत निम्मं वसतिगृह रिकामं असतं. सुट्टी संपली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेलेल्या, आणि वसतिगृह ठासून भरतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोठीवर खरा ताण. सगळं सामान एका दिवशी ओतलं तर उंदीर आणि सोंडे खातात. नवी तूर संक्रांतीच्या सुमाराला येते, नवी ज्वारी फाल्गुनात. दिवाळीला दोन्ही जुनी आणि महाग. माझं ऐकाल तर दिवाळीला तेलाचे डबे, साबण, पांघरुणं, चपला एवढंच द्या. डाळ जानेवारी-फेब्रुवारीत लातूरच्या मिलमधून घ्या.

आणि एक गोष्ट कोणी सांगणार नाही. गावातल्या किराणा दुकानावर वसतिगृहाची उधारी असते. तिथं जाऊन बिल बघा, संस्थेच्या नावावर पावती करून घ्या आणि जमेल तेवढी फेडा. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण पुढचे दोन महिने सिस्टरना दुकानासमोरून मान खाली घालून जावं लागत नाही.

मिरची_भाकर

अधीक्षक साहेब, हा प्रतिसाद छापून प्रत्येक दिवाळी ग्रुपमध्ये वाटायला पाहिजे. एक भर घालते: अंडी. आमच्या ग्रुपमध्ये दरवेळी यावर भांडण होतं, देणारे शाकाहारी म्हणून. लेकरं खात असतील आणि संस्थेला चालत असेल तर आठवड्याच्या अंड्यांचे पैसे जवळच्या पोल्ट्रीवाल्याला द्या. ज्यांना नको त्यांनी शेंगदाणे आणि गूळ द्यावा.

घरात उरलेल्या गोळ्या-औषधं मात्र नकोत. आमच्याकडे कोणीतरी पिशवीभर आणली होती, अर्ध्यांवर तारीख पण दिसत नव्हती.

लातूरी_तूर

पाण्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी सांगूलालो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर न दिसलेलं म्हणजे, टँकर दारात येऊन सुद्धा पाणी धरायला टाकी नसायची. बॅरल, घागरी, पातेली, जे असंल ते. दोन हजार लिटरच्या दोन टाक्या आणि खाली विटांचा ओटा, एवढं करून दिलं तर उन्हाळ्यात लेकरं दुवा देतील. दिवाळीला पाणी असतं, म्हणून आठवत नाही कोणाला.

दख्खनचा_वारा

माझं मत बदललेलं नाही. प्रार्थनेचं मला खटकतं आणि खटकत राहील. पण तांड्याची_लेक यांचं अनाथ बॅनरचं वाचलं, ते जास्त खटकलं. माझे पैसे मी शांतिवनलाच देणार. गोदाकाठ, टाकीचा ओटा बांधायला गवंडी लागला तर सांगा, माझ्या ओळखीचा आहे, वाजवी घेतो. हे माझं शेवटचं पोस्ट.

तांड्याची_लेक

दादा, ओटा बांधताना नळ खाली घ्यायला सांगा. पहिलीच्या लेकराचा हात पुरला पाहिजे.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आज सिस्टरशी आणि त्यांनी जोडून दिलेल्या कोठीच्या मावशींशी बोलणं झालं. ‘काय संपत आलंय?’ विचारलं आणि मावशी सुरूच झाल्या. स्कूलबॅगा पुष्कळ आहेत, नको. कॉम्प्युटर नको, आधीचेच दोन बंद पडलेत. कपड्याचा साबण, तेल, हळद-तिखट, मुलींचे आतले कपडे मापानुसार (यादी त्या पाठवतील, नावं न लिहिता), चपला, साठ चादरी, उवांचं औषध. कुलपांचं मी विचारलं तर जरा थांबून म्हणाल्या, ‘आणा, मुली लई मागतात.’ टाकी एक आहे, तिला चीर गेलीय. किराण्याच्या उधारीचा आकडा सिस्टरनी सांगितला नाही, पण दुकानाचं नाव सांगितलं.

प्रार्थनेचंही विचारलं. म्हणाल्या, लहान मुलं सगळी बसतात, मोठ्यांपैकी काही अभ्यासाच्या खोलीत थांबतात, आम्ही ओढून आणत नाही. जसं सांगितलं तसं इथं लिहिलं.

ग्रुपमध्ये ठरलंय की पैशांचे तीन भाग करायचे. एक आता, एक संक्रांतीनंतर डाळीला, एक मार्चात टाकीला. जाहिरातवाले टी-शर्ट जाणार नाहीत, ज्याचे होते तो जरा रुसलाय. मापं घेऊन चपला आणि आतले कपडे आमच्यातल्या दोन वहिनी इथल्या, संभाजीनगरच्या शहागंजातून घेणार आहेत.

आता टेम्पोचा प्रश्न. चादरी, साबणाचे खोके, तेलाचे पंधरा किलोचे दहा डबे आणि दळणासाठी गव्हाचे पन्नास किलोचे दहा कट्टे. छोटा हत्तीत बसेल का?

माजी_अधीक्षक

गहू पाचशे किलो, तेल दीडशे, साबण वेगळा. छोटा हत्ती साडेसातशेच्या आसपास ओढतो, पण चादरींचे गठ्ठे जागा खातील आणि तेलावर कट्टे ठेवता येणार नाहीत. पिकअप करा. नाहीतर गहू संभाजीनगरहून नेताच कशाला? तिथल्याच आडतीवर घ्या, भाडं वाचेल आणि हमाल संस्थेत आणून टाकेल. पोचलेल्या मालाची सही वस्तू देणगीच्या रजिस्टरवर मावशींसमोर घ्या, डबे मोजून.

लातूरी_तूर

आणि सकाळी लवकर पोचा, लेकरं शाळेत गेल्यावर उतरवा.